उके मॅडमचा शनिवार

शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये काय असतं हे पुरुष शिक्षकानं चारचौघांत सांगू नये, पण उके मॅडमची पर्स कायम उघडीच असायची. तिच्यात एक टेस्टर, एक लहानशी पक्कड, काळ्या टेपचं बंडल आणि कुठकुठले स्क्रू खुळखुळत असत. कंगवा मी कधी पाहिला नाही. स्टाफरूमचा पंखा कुरकुरला की आम्ही सगळे वर बघून शिपायाला हाक मारायचो, तोवर मॅडम टेबलावर चढलेल्या असायच्या.

"मॅडम, पडाल," मी म्हणायचो.

"पडली तर तुमी धरा, बोपचे सर. ते व्याकरण ठेवा बाजूला," असं वरूनच उत्तर यायचं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायचो. आमगावपासून थोडं पुढे आमचं गाव. गावाबाहेर शाळा, शाळेच्या मागे धानाच्या बांध्या, पाचवी ते दहावीचे वर्ग. सुजाता उके विज्ञानाच्या बाई, आणि जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यावर हेडमास्तरही त्याच. राहायच्या गोंदियाला लागून मुर्रीत, म्हाताऱ्या वडिलांसोबत. रोज रेल्वेनं आमगाव, तिथून स्कूटी. लग्न केलं नव्हतं. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "माणूस आतून कसा आहे ते अगोदर पाहता येत नाही ना, म्हणून राहून गेलं."

आतून पाहणं हा त्यांचा रोगच होता म्हणा. "उघडून पायलं का?" हा प्रश्न त्या दिवसातून इतक्या वेळा विचारायच्या की पोरं आपसातही तेच बोलू लागली होती. घड्याळ बंद पडलं? उघडून पायलं का? बेडूक मेला? उघडून पायला का? एकदा माझ्या तासाला एक पोरगा कवितेच्या ओळीवर अडून बसला होता आणि मी अर्थ सांगून सांगून घामाघूम झालो होतो. मॅडम व्हरांड्यातून जात होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "उघडून पायली का?" आणि निघून गेल्या. मला इतका राग आला की मी उरलेला तास नुसतं वाचन घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्या कवितेचा एकेक शब्द मी पोरांकडूनच सुटा करून घेतला, आणि ते त्यांना कळू दिलं नाही.

गाइडवर त्यांचा खास राग. कोणाच्या दप्तरात ते दिसलं की कपाटावर फेकायच्या. कपाटावर गाइडांचा ढीग झाला होता आणि त्यात चिमण्यांनी घर केलं होतं. "बघा सर, काहीतरी उपयोग झाला," असं त्या म्हणायच्या.

पण हे सगळं वरवरचं. आतली गोष्ट वेगळी होती, आणि ती मला एका जूनमध्ये कळली. दहावीत गेलेल्या पोरांना त्यांनी विचारलं होतं, दहावीनंतर काय. पोरं म्हणाली, सायन्स. सायन्स घेऊन काय करतात? माहीत नाही. तुमच्या ओळखीत कोणी काय काम करतं, कसं करतं? माहीत नाही. मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या रडवेल्या होऊन.

"सर, हे पोरं आपण कशासाठी तयार करून रायलो? परीक्षेसाठी. परीक्षा तं मार्चात संपते. मंग एप्रिलात हे पोरं काय करतील?"

मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून तपासायला घेतला.

त्याच सुमारास आमच्याकडे 'भविष्यवेधी शिक्षण' नावाचं काहीतरी परिपत्रकातून आलं. त्याचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षणात समोसा, चहा आणि पडद्यावर परदेशातल्या चकचकीत वर्गांचे फोटो. मी समोसा खाल्ला. मॅडमचं सगळं लक्ष प्रोजेक्टर गरम का होतोय इकडे. बाहेर पडताना म्हणाल्या, "भविष्य दाखवून रायले, अन् मशीनची जाळी तेवढी कोनी साफ नाही केली."

त्यांच्या शनिवारची सुरुवात मात्र परिपत्रकातून झाली नाही, जळलेल्या मोटारीतून झाली. उन्हाळी धानाच्या दिवसांत आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि मोटारी पटापट जळतात. शाळेच्या विहिरीवरची मोटार अशीच जळली. आमगावहून मुस्ताकभाई आले, वाइंडिंगच्या दुकानाचे मालक. त्यांनी मोटार खोलायला घेतली आणि मॅडमनी आठवीचा अख्खा वर्ग त्यांच्याभोवती गोल उभा केला.

"मैडम, इतने लोग तो मेरी शादी में नहीं देख रहे थे मुझे," मुस्ताकभाई म्हणाले.

आत जळक्या तारांचा काळा गुंता, शेजारी नव्या तारेचं रीळ. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "काका, नव्या ताराले वरून रंग काऊन देला? रंगानं करंट अडत नाही का?"

ती करिश्मा रामटेके. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, आणि वर्गात ती आहे हे हजेरीपुरतंच कळायचं. मुस्ताकभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. "बेटी, वो रंग नहीं, वार्निश है. वही न हो तो सब तार आपस में मिल जाएँगे, और मोटर फिर जल जाएगी. अब तू बता, जहाँ वार्निश उखड़ेगी वहाँ क्या होगा?" आणि दोघांचं असं काही सुरू झालं की बाकीचे आम्ही तिथे पाहुणे ठरलो. सोमवारी मॅडमनी चुंबकाचा धडा करिश्माला शिकवायला लावला. पोरीनं फळ्यावर मोटार काढली. ती वर्गाकडे पाठ करूनच बोलली, पण चित्र सरळ आलं.

मग दर शनिवारी दप्तर घरी. सुरुवातीचे दोन तास झाले की पोरापोरींच्या टोळ्या निघायच्या. कोणी मुस्ताकभाईंच्या दुकानात, कोणी दवाखान्यात रक्त तपासतात तिथे, कोणी पोस्टात, कोणी सायकलवाल्याकडे. प्रत्येकाला एकच विचारायचं: तुम्ही दिवसभर काय करता, आणि ते बिघडलं की काय करता? सोमवारी त्यावरच विज्ञान, त्यावरच गणित, आणि मॅडमच्या धाकानं त्यावरच मराठी निबंध. मी आयुष्यात पहिल्यांदा असे निबंध तपासले जे एकमेकांसारखे नव्हते.

एकदा वरच्या ऑफिसातून एक साहेब आले. वर्गात जाऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "काय बाळ, मोठा होऊन काय होणार?"

बाळ उभं राहिलं. "साहेब, अगोदर तुमी सांगा, तुमी दिवसभर काय करता?"

साहेब हसले. "मी फाईल पाहतो."

"उघडून पायता का?"

पुढचं मी सांगत नाही. साहेबांनी चहा घेतला नाही एवढंच सांगतो. मॅडम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मधूनच एकट्या हसत होत्या.

करिश्मा दर शनिवारी मुस्ताकभाईंकडेच जायची. दिवाळीनंतर तिनं शाळेचा एक जळका पंखा नव्या तारेनं स्वतः बांधला. मुस्ताकभाई शेजारी हाताची घडी घालून बसले होते. पंखा फिरला तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या त्या पंख्याखाली उभ्या राहिल्या, केस उडत होते तशाच. ही पोरगी इंजिनियर झाली पाहिजे, आणि या शाळेतून होऊन गेली पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

आणि मग ती राईस मिल.

मॅडमच्या वडिलांनी सगळी उमर गोंदियाच्या मिलमध्ये हमाली केली होती. म्हणून की काय, नववीला मिल दाखवायचीच असं त्यांनी ठरवलं. आमगावच्या मिलमध्ये आम्ही पोरांना घेऊन गेलो. भुसा, धूळ, मशीनचा धडधडाट. पोरं खूश. आवारात ट्रक भरत होता. हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून वर चढत होते. मॅडम थांबल्या. त्यांचे डोळे चमकले, ते मी पाहिलं.

"थांबा रे. नीट पाहा. पोतं कोठी टेकलं आहे? कमरेवर नाही, खांद्याच्या मागं. काऊन? जा, त्यायलाच विचारा."

एक पोरगा पळत फळीजवळ गेला. "काका, काका, वजन कोठी लागते?"

फळीच्या पायथ्याशी वाकलेल्या माणसानं मान तेवढी वर केली. पाठीवर पोतं, घामाच्या धारा, तोंडावर कोंडा. पोरामागे त्याला युनिफॉर्ममधली आपली पोरगी दिसली. तो देवानंद रामटेके होता, करिश्माचा बाप. त्याला पोतं टाकता येईना आणि पुढे जाता येईना. करिश्मानं "बाबा" म्हटलं, पण ते इतक्या हळू की मशीनच्या आवाजात ओठच तेवढे हलले. मग तो फळी चढून ट्रकमध्ये गेला आणि आम्ही तिथे होतो तोवर खाली उतरला नाही.

परतताना रेल्वे फाटकापर्यंत मॅडम सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. फाटक बंद होतं. तिथे थांबल्यावर म्हणाल्या, "सर, मले वाटलं पोरीनं बापाचं काम पायलं पाहिजे. मान ताठ ठेवून पायलं पाहिजे. माही चूक झाली का?"

हमालाच्या पोरीशिवाय दुसऱ्या कोणाला ती चूक सुचलीच नसती. मी त्यांना तसं म्हणालो नाही, मालगाडी जात होती.

सोमवारी देवानंद शाळेत आला. अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. बस म्हटलं तरी बसला नाही. "मॅडम, तुमी आमच्यातल्याच, म्हनून बोलतो. माहा बाप मिलमध्ये होता, मी बी मिलमध्ये हाय. पोरीले मिलचं दार दिसू नये म्हनून शाळेत धाडलो. अन् तुमी तिले तेथंच आनून उभी केल्या. कायले?"

मॅडमनी समजावलं. मोटारीचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं. तो पंख्याकडे बघून म्हणाला, "हात काळे कराचं शिकवाले शाळा कायले पायजे? ते तं आमच्या घरीच आहे."

आठवडाभरात ही गोष्ट गावभर झाली. सगळ्या वस्त्यांतले पालक एकदम शहाणे झाले. शनिवार बंद करा नाहीतर पोरं काढतो, असा निरोप आला. मॅडमनी पालकसभा बोलावली. आणि त्या सभेला त्यांनी आपल्या बाबांना आणलं. त्यांचा हिशोब साधा होता: माझं ऐकणार नाहीत, पण ज्यानं जन्मभर पोती वाहिली त्याचं ऐकतील. कामात लाज नसते हे त्याच्या तोंडून ऐकतील.

उकेबाबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उंच माणूस, पण कमरेतून असा वाकलेला की उंची कळायला तो बसावा लागायचा. पांढरं स्वच्छ धोतर. लेकीच्या ऑफिसात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. सभेत मॅडम बोलल्या, छान बोलल्या. मग म्हणाल्या, "बाबा, तुमी सांगा."

बाबा उठले. हात जोडले.

"मले बोलता येत नाही. हे पोरगी लहान होती तं एक दिवस माहा डबा घेऊन मिलमध्ये आली. मी तिले मारलो. जिंदगीत तेवढं एकदाच मारलो. कायले आली म्हनून. मले पोत्याखाली पायल तं तिच्या मनात तेच बसन, असं मले वाटलं. आज हे हेडमास्तर आहे. तं मी मारलो ते बरोबर होतं का नाही, तुमीच सांगा."

मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

"माही पोरगी चांगली आहे. पन या बाबतीत तिचं आयकू नोका. पोतं काय रायते ते तिले माहीत नाही. मीच माहीत होऊ देलो नाही. तुमच्या पोरायले पुस्तक द्या. हात तं आपले हायेतच काळे."

आणि बसले. लेकीच्या बाजूनंच आपण बोललो, अशा समाधानानं बसले. देवानंद रामटेके मागच्या रांगेत डोळे पुसत होता. मी मॅडमकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही मला.

त्यांनी बाबांना चहा दिला. बशीत ओतून दिला, तसाच ते घ्यायचे. मग स्कूटीवर मागे बसवलं, "घट्ट धरा बाबा," म्हणाल्या आणि गेल्या. शनिवार त्याच दिवशी संपला.

पुढे कधीतरी मी विचारलं, घरी बाबांना समजावून का नाही सांगितलं. त्या रंग उडालेल्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सर, त्यायची पाठ मी पायली आहे. दर रविवारी तेल मीच लावते. त्या पाठीसमोर मी कोणत्या तोंडानं बोलू?"

पालकांनी शनिवार बंद करवला म्हणजे पोरं राहतील असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण एकदा शाळेवरचा भरवसा उडाला की तो परत येत नाही. पुढच्या जूनमध्ये गावात आमगावच्या कॉन्व्हेंटची पिवळी बस येऊ लागली. देवानंद मॅडमकडे आला, आणि या वेळी बसला. "मॅडम, करिश्माले कोठी टाकू? तुमी सांगाल तेथंच टाकतो." तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. त्याच्या ओळखीत दुसरं विचारण्यासारखं कोणी नव्हतं. आणि मॅडमनी त्याला नीट समजावून सांगितलं, कुठली शाळा बरी, बस किती वाजता येते, विज्ञानाचे शिक्षक कुठे चांगले आहेत. तो पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी त्याचे हात धरले.

मग एकामागून एक सगळेच गेले. आधी नववी-दहावी बंद झाली, मग शाळा. आमची दुसऱ्या शाळांत समायोजनं झाली. मला आमगावातच जागा मिळाली. मॅडम तिरोड्याच्या बाजूला, आमगावच्या अगदी उलट दिशेला, नुसत्या शिक्षिका म्हणून. परवा मी जुन्या शाळेवरून गेलो तर व्हरांड्यात कोणीतरी धान वाळत घातलं होतं.

करिश्मा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. देवानंद माझ्या घरी पेढे घेऊन आला, पोरीला सोबत घेऊन. "आता बोला, सर," म्हणाला. त्याचं चुकलं होतं असं त्याचा चेहरा बघून मला म्हणता येईना. मी करिश्माला विचारलं, मुस्ताकभाईंकडे जातेस का. ती म्हणाली, "नाही सर. आता वेळ नाही. लिहून घ्याचं असते, पाठ कराचं असते. तेवढंच असते." अंगणातला आमचा कूलर घरघर करत होता. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मला तिथेच रडू आलं असतं.

मॅडमची आणि माझी भेट त्यानंतर एकदाच झाली. आता बाबा नाहीत. मुर्रीचं घर बंद करून त्या तिरोड्यालाच राहायला गेल्या आहेत. फोन केला की "बरं आहे, सर," म्हणतात आणि ठेवतात. पण ती शेवटची भेट मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

बाबांना गोंदियात दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी मी भेटायला गेलो. खिडकीजवळची खाट. मॅडम स्टुलावर बसून बाबांना चमच्यानं पेज भरवत होत्या. त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. मला पाहून त्या उठल्या आणि दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "शाळा बंद झाली हे मी बाबांना सांगितलं नाही. सकाळी स्टेशनवर जाते, एवढंच त्यांना माहीत. गाडी आता कोणत्या दिशेची ते त्यांना काय कळते."

मी खाटेपाशी गेलो. बाबांनी ओळखलं. "मराठीचे मास्तर ना?" तेवढ्यात नर्स आली, तिलाही सांगून झालं, "सिस्टर, हे माही पोरगी हेडमास्तर आहे."

"हो बाबा, सकाळीच सांगितलं तुम्ही," नर्स म्हणाली आणि सलाइन बघून गेली.

मॅडम परत स्टुलावर बसल्या होत्या; बाबांनी एक चमचा पेज घेतली. मग म्हणाले, "का वो बाई, ते शनिवारचं हातकाम बंद झालं ना?"

"झालं, बाबा. तवाच झालं."

"मंग आता पोरं वाढले असतीन शाळेत."

मॅडमचा चमचा वाटीतच थांबला. मी खाली फरशीकडे पाहू लागलो.

"वाढले, बाबा," त्या म्हणाल्या. "बसाले जागा पुरत नाही."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "का गा मास्तर?"

"हो बाबा," मी म्हणालो. "एका वर्गाच्या दोन तुकड्या कराव्या लागल्या."

त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"पाय. मी सांगतलो होतो का नाही तुले?"

"सांगतले होते, बाबा," मॅडम म्हणाल्या. "तुमचंच बरोबर होतं."

आणि त्यांनी पुढचा चमचा फुंकून त्यांच्या तोंडाशी नेला.